लंकेचा कायदा, साक्षीदार गणपती कुरणे

कोल्हापुरात राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत गणपती कुरणेला न ओळखणारा माणूस एखादा सापडलाही असता. पण त्याच्या तोंडून लंका न ऐकलेला माणूस सापडणं अवघड होतं. लोक आपल्या गावाबद्दल 'आमच्या गारगोटीला' म्हणतात ना, तितक्या सहज तो 'आमच्या मातऱ्याला' म्हणायचा. मातारा म्हणजे श्रीलंकेच्या अगदी खालच्या टोकाचं, समुद्रकाठचं गाव. तिथं गणपतीनं आयुष्याची पंचवीस वर्षं काढली होती, आणि उरलेलं आयुष्य ती पंचवीस वर्षं सांगण्यात काढायचं असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

तो तिथं पोचला तो मुळात पेटीमुळं. सन अठ्ठावन्न. धम्मदीक्षेला दोन वर्षं झालेली. वस्तीत लंकेहून एक भंते आले होते आणि परत जाताना त्यांच्या पुस्तकांची पेटी उचलायला कुणीतरी हवं होतं. वीस वर्षांचा गणपती म्हणाला, मी स्टेशनपतूर येतो. कोल्हापूर स्टेशनवरून मिरज, मिरजेवरून मद्रास, मद्रासहून रामेश्वर, तिथून बोट. पेटी खाली ठेवायची वेळ काही आली नाही.

विहारात तो तीनेक वर्षं राहिला. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, हा तिथला नियम त्याच्या पोटाला कधीच पटला नाही. शेवटी भंत्यांनीच त्याला विक्रमसूर्य नावाच्या गृहस्थांकडे कामाला लावून दिलं. हे गृहस्थ त्या भागातले लग्नांचे रजिस्ट्रार. गाव त्यांना 'महत्तया' म्हणायचं, म्हणजे साहेब. महत्तया नोंदवही घेऊन लग्नघरी जायचे. पुढच्या सायकलीवर महत्तया, मागच्या सायकलीवर गणपती, आणि गणपतीच्या कॅरियरवर मेणकापडात गुंडाळलेली वही. नवरा-नवरी पोरुव्यावर, म्हणजे फुलांनी सजवलेल्या लाकडी चौथऱ्यावर, उभी राहायची. त्यांच्या करंगळ्या दोऱ्यानं बांधून वरून पाणी सोडायचे. ते झालं की गणपती पुढं व्हायचा, वही उघडायचा आणि सही कुठं, साक्षीदारानं अंगठा कुठं, शाई कुठं सांडायची नाही, हे सगळं वऱ्हाडाला त्यांच्याच भाषेत खडसावून सांगायचा. असं बावीस वर्षं. एकसष्ट ते त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी साली तिथं दंगली पेटल्या, तेव्हा महत्तयांनी स्वतः येऊन त्याला बोटीत बसवून दिलं. कोल्हापुरात आला तेव्हा पंचेचाळिशीचा. दुसऱ्यांची हजारो लग्नं जवळून पाहिलेल्या ह्या माणसाचं स्वतःचं लग्न चौऱ्याऐंशी साली आक्काताईशी झालं. ती राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात आया होती आणि बाळंतिणींना धीर देता देता तिचा आवाज असा झाला होता की तिनं नुसतं "चहा ठेवू का?" विचारलं तरी शेजारचं पोरगं रडायचं थांबायचं. गणपती एका कोचिंग क्लासात शिपाई म्हणून लागला. घंटा मारायची, खडू द्यायचे, आणि मधल्या वेळात गल्लीच्या तोंडाला केरबाच्या चहाच्या गाड्यावर लंका सांगायची.

सांगायची त्याची रीत ठरलेली. आधी खाकरायचा. मग दोन्ही तळहात असे पुढं करायचा, की जणू त्यांवर अजून ती वही आहे. आणि म्हणायचा, "लेकानू, ध्यानात ठेवा. वही न्हाय, तर लगीन न्हाय."

केरबा गाळणी आपटत विचारायचा, "गणपादा, रावणाचं लगीन नोंदलंतसा का?"

"त्यो आमच्या हद्दीत नव्हता," गणपती गंभीरपणे सांगायचा.

लोक हसायचे. पंधरा-सोळा वर्षं हसत होते. हा खरंच लंकेत होता की रामेश्वराला कुठल्या धर्मशाळेत भांडी घासत होता, ह्यावर गाड्यावर दोन तट होते. आक्काताई कुठल्याच तटात नव्हती. ती म्हणायची, हा माणूस लंकेला गेला असेल, पण ह्यानं तिथं काही काम केलं असेल ह्यावर आपला विश्वास बसत नाही, कारण इथं आल्यापासून ह्यानं घरात पाण्याची घागर उचललेली आपण बघितलेली नाही.

तर सन दोन हजारच्या फेब्रुवारीत नृसिंह देशिंगकर वकील त्या गाड्यावर चहा प्यायला उतरले. त्यांचं ऑफिस वरच्याच मजल्यावर. बारीक अंगाचे, स्वच्छ बोलणारे, आणि कुठल्याही वाक्याच्या आधी 'म्हणजे असं बघा' जोडल्याशिवाय ज्यांचं वाक्य सुरूच व्हायचं नाही असे. त्या दिवशी त्यांना चहा गोड लागत नव्हता. त्यांच्याकडे एक दावा आला होता, आणि त्या दाव्याला लंकेचा कायदा जाणणारा माणूस हवा होता. समोर गणपती तळहात पुढं करून उभा.

दावा प्रसेनजीत आणि सुजीवाचा. प्रसेनजीत अकराव्या गल्लीतला, कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनी बसवणारा फिटर. पंच्याण्णव साली कंपनीनं त्याला मशिनी बसवायला मातऱ्याजवळ पाठवलं. मशिनी बसल्या, तसा तोही बसला. शहाण्णव साली तिथल्याच सुजीवाशी त्याचं गावच्या विहारात, पोरुव्यावर, चारशे माणसांसमोर लग्न लागलं. रजिस्ट्रार त्या आठवड्यात आजारी होता. पुढच्या आठवड्यात नोंद करू म्हणाले. पुढच्या आठवड्यात मशीन बंद पडली. मग पाऊस. मग मुलगी, निशा, पोटात. आज करू, उद्या करू, करता करता ती दोघं निशाला कडेवर घेऊन कोल्हापुरात आली, आणि नोंद राहिली ती राहिलीच.

कोल्हापुरात सुजीवा सासूच्या हाताखाली कोल्हापुरी मराठी शिकली आणि झणझणीत शिकली. पण परदेशी माणसांचे कागद बघणाऱ्या कार्यालयात हे मराठी उपयोगाचं नव्हतं. तिथला साहेब सरळ होता. तो म्हणाला, बाईंना नवऱ्याजवळ राहायची मुदत वाढवून मिळेल, पण त्या बायको आहेत हे आधी दाखवा. विहाराची चिठ्ठी मला चालत नाही. तिथल्या कायद्यानं हे लग्न लग्न आहे, असा कोर्टाचा हुकूम आणा. नाहीतर तीस एप्रिलला बाईंना परत जावं लागेल.

सगळे म्हणाले, मग इथं पुन्हा लग्न करा की. त्यावर सुजीवानं अख्ख्या गल्लीला एकदाच उत्तर दिलं.

"पोरगी तीन वर्सांची झाली. आता मी परत नवरी झाले तर ही कुणाच्या लग्नातली? माझं लगीन झालंय. एकदाच झालंय. दुसरं मी न्हाई करणार."

देशिंगकरांनाही ते पटलं होतं, म्हणून तर दावा दाखल केला. सरकारतर्फे विरोध आला. आता देशिंगकर गणपतीला वर ऑफिसात घेऊन गेले, खुर्चीवर बसवलं, आणि समजावून सांगायला लागले. म्हणजे असं बघा, आपल्या देशाचा कायदा आपल्या न्यायाधीशांना माहीत असतोच, असं धरून चालायचं. त्याला साक्षीदार लागत नाही. पण परदेशाचा कायदा आपल्या कोर्टाला माहीत नसतो. अपघात झाला तेव्हा सिग्नल तांबडा होता की हिरवा, हे जसं पुराव्यानं शाबीत करायचं, तसा तिथला कायदा काय आहे हेही शाबीत करायचं. आणि लग्न जिथं लागलं तिथल्या रीतीनं ते बरोबर लागलं की नाही ते बघायचं, म्हणून लंकेचा कायदा. सुजीवाच्या भावानं कोलंबोहून सरकारी छापाचं पुस्तक पाठवलं आहे, ते कोर्टापुढं ठेवता येईल. पण पुस्तकात नोंद कशी करायची ते आहे. नोंद नसलेल्या लग्नाचं तिथं काय करतात, ते सांगायला तिथला जाणता माणूस हवा. तो वकीलच असला पाहिजे असं नाही. कामामुळं ज्याला तो कायदा रोज हाताळावा लागला, असा कुणीही चालेल, निदान तसा युक्तिवाद करता येईल.

गणपतीनं एवढंच विचारलं, "म्हंजे मी जे सांगीन ते कोर्ट लिवून घेणार?"

"हो."

"आन् कुणी हसणार न्हाय?"

देशिंगकर म्हणाले, कोर्टात हसायला बंदीच असते. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं: नोंद नसेल तर लग्न धरायचे का तिथं? गणपती म्हणाला, धरायचे की. लगीन विहारात लागतंय, वही मागनं. देशिंगकरांनी समाधानानं पेनाला टोपण लावलं. गाड्यावर हा माणूस रोज काय सांगतो, हे त्यांच्या कानावरून अनेकदा गेलं होतं, पण त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. आणि गणपतीच्या मनात गाड्यावरचं बोलणं आणि खरं बोलणं ही दोन वेगवेगळी खाती होती. एकाची भाकरी दुसऱ्याच्या ताटात कधी गेली नव्हती.

साक्षीचा दिवस आला. एप्रिलचा पहिला आठवडा. सीपीआर दवाखान्याजवळच्या कोर्टात गणपती इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेला. आक्काताईनं दवाखान्यातून रजा काढली होती, ती लंका ऐकायला नव्हे, तर नवऱ्याला कोणी उचलून नेलं तर बरोबर कुणी असावं म्हणून. मागच्या बाकावर प्रसेनजीत, सुजीवा, आणि सुजीवाच्या मांडीवर बिस्किट चोखत निशा.

गणपती पिंजऱ्यात चढला आणि त्यानं समोर बघितलं. सरकारी वकील सावर्डेकर. म्हणजे बाराव्या गल्लीचे. म्हणजे रोज सकाळी साडेआठला केरबाच्या गाड्याशी स्कूटर बंद न करता उभे राहून कटिंग पिणारे. दहा वर्षं त्यांनी लंका ऐकली होती, आणि एकदाही हसले नव्हते.

न्यायाधीश चंद्रपूरकडून बदलून आलेले. एरवी छापील मराठी बोलायचे, पण कशात रंगले की त्यांच्या तोंडून आपसूक तिकडची बोली बाहेर पडायची. त्यांना कोल्हापुरी कळायला थोडा वेळ लागायचा आणि कोल्हापूरला ते कळायला त्याहून थोडा जास्त.

सुरुवातीलाच सावर्डेकरांनी हरकत घेतली. साक्षीदार सातवी नापास आहे, तो परदेशी कायद्याचा तज्ज्ञ कसा होईल?

"आठवी," गणपती म्हणाला.

"आठवी पास?"

"आठवी नापास. सातवी पास हाय मी."

देशिंगकर उठून म्हणाले, म्हणजे असं बघा साहेब, तज्ज्ञ म्हणजे पदवीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ज्याला त्या विषयाची विशेष जाण आहे तो. न्यायाधीश म्हणाले, ऐकून तर घेऊ, मग ठरवू जाण आहे का अजाण आहे.

मग जबानी सुरू झाली, आणि ती एकाच वेळी दोन भाषांत चालली. गणपती बोलायचा आणि न्यायाधीश ते टायपिस्ट विमलाताईंना कोर्टाच्या मराठीत सांगायचे.

"म्या वही धरायचो, आन् महत्तया म्हणायचे, गणपा, पान बराबर हाय का बघ."

"लिहा. विवाह निबंधकांच्या अभिलेखाची देखभाल व तपासणी करण्याचे काम मी पाहत असे."

"नवऱ्यामुलाचं वय कमी वाटलं की म्या त्याच्या मिशीकडं बघायचो आन् महत्तयांस्नी डोळा मारायचो."

"पक्षकारांच्या वयाबाबत संशय आल्यास मी ती बाब निबंधकांच्या निदर्शनास आणून देत असे."

गणपतीनं कठड्यावर वाकून विमलाताईंच्या मशीनकडं बघितलं. "हे म्या म्हणालो व्हय?" त्यानं हळूच विचारलं, आणि अगदी खूश झाला. आपण इतकं मोठं काम करत होतो हे त्याला आजच कळत होतं.

अर्धा तास झकास गेला. देशिंगकरांनी शेवटचा प्रश्न टाकला, नोंद नसलेलं विहारातलं लग्न तिथं लग्न मानतात का. गणपती म्हणाला, मानतात. देशिंगकर बसले. सावर्डेकर उठले, काळा कोट दोन्हीकडून सारखा केला, आणि सकाळी साडेआठच्या आवाजात म्हणाले,

"कुरणे, केरबाच्या गाड्यावर तुम्ही रोज काय म्हणता?"

विमलाताईंचं मशीन थांबलं. गणपतीचे तळहात आपोआप पुढं आले होते, ते त्यानं मागं घेतले.

"माझं असं म्हणणं आहे," सावर्डेकर म्हणाले, "की तुम्ही रोज म्हणता, वही न्हाय तर लगीन न्हाय. खरं आहे की नाही?"

"खरं हाय."

"रोज म्हणता?"

"क्लासला सुट्टी आसंल तवा न्हाय."

देशिंगकरांनी कपाळाला हात लावला. मागं प्रसेनजीत अर्धा उठून पुन्हा बसला. सुजीवानं निशाच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं आणि कशासाठी काढून घेतलं ते तिचं तिलाच कळेना.

गणपतीला पिंजऱ्यात उभ्या उभ्या तीन वाटा दिसत होत्या. म्हणत नाही म्हणावं, तर केरबाला समन्स जाईल आणि केरबा गाळणीसकट येऊन सांगेल. म्हणतो ते खरं आहे म्हणावं, तर तीस एप्रिलला सुजीवा बोटीत, नाहीतर विमानात. आणि म्हणतो ते खोटं आहे म्हणावं, तर सोळा वर्षं खोटं बोलणाऱ्याचं आजचं खरं कोण धरणार?

"साहेब," तो म्हणाला, "ती फुशारकी हाय."

"म्हणजे खोटं," सावर्डेकर म्हणाले.

"न्हाय. फुशारकी म्हंजे... आता बघा. लगीन लावणारं भंते नव्हतो मी. नवरा नव्हतो. रजिस्ट्रार नव्हतो. माझ्या हातात नुसती वही हुती. मग मी सांगताना वहीच मोठी करणार की. वही मोठी झाली, की उचलणारा मोठा हुतो."

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. पण सावर्डेकर असे सोडणारे नव्हते. त्यांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं लग्न नोंदवलंय का?"

गणपतीनं मागच्या बाकाकडं बघितलं. बघायला नको होतं.

"न्हाय."

"काय?" आक्काताईचा आवाज आला, आणि शेजारच्या कोर्टातला पुकारा करणारा शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. "आवो, मला म्हणालतासा, महत्तयाला पत्र घालून तिकडच्या वहीत घातलंय म्हणून!"

"बाई, बसा," न्यायाधीश म्हणाले.

"बसती साहेब. पर सोळा वर्सं झाली."

देशिंगकरांनी संधी साधून हरकत घेतली. साक्षीदाराचं लग्न कोल्हापुरात झालं आहे, लंकेच्या कायद्याशी त्याचा काय संबंध? हरकत मान्य झाली. पण न्यायाधीश आता रंगले होते. त्यांनी पुस्तक बाजूला सरकवलं आणि पिंजऱ्याकडं वळले.

"हे पहा, कुरणे. पुस्तक मले वाचता येते. नोंद कशी करायची, हे सारं आहे त्याच्यात. तुम्ही काय म्हणून राहिले, ते मले नको. बिना नोंदीच्या लग्नाचं तिथलं कोर्ट काय करते, हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं आहे का? पाहिलं असंल तर सांगा, नसंल तर उतरा खाली."

गणपती उतरला नाही. त्याच्याकडे एक गोष्ट होती. लंकेच्या शंभर गोष्टींतली ही एकच अशी होती, जी त्यानं गाड्यावर कधी सांगितली नव्हती, आक्काताईलाही नाही.

"पाह्यलंय," तो म्हणाला. "सन त्र्याहत्तर."

आणि त्यानं सांगितलं. मातऱ्याच्या कोर्टातून महत्तयांना वहीसकट बोलावणं आलं होतं. एक म्हातारी विधवा होती. नवऱ्याच्या मागं दीर तिला घराबाहेर काढत होते. दीर म्हणत होते, ही बायकोच नव्हे, वहीत नाव नाही. गणपतीनं वही कोर्टात नेली. त्याला वाटलं, आज आपल्या वहीचा मान. महत्तयांनी वर्षावर्षाची पानं उलटून दाखवली. नाव नव्हतं. दीर हसले, आणि खरं सांगायचं तर गणपतीही मनातल्या मनात हसला. मग तिथले न्यायाधीश विहाराच्या भंत्यांना विचारू लागले, पोरुव्याचं लग्न कुणी लावलं. शेजाऱ्यांना विचारू लागले, ही दोघं नवराबायको म्हणून किती वर्षं नांदली. गाव त्यांना काय समजत होतं. दिवसभर विचारत होते. गणपती दिवसभर वही हातात धरून उभा होता, आणि दुपारनंतर तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी निकाल झाला. म्हातारी बायको ठरली.

"बाहीर आल्यावर मी महत्तयांस्नी म्हणालो, मग आपली वही कशाला? ते म्हणाले, गणपा, वही असली की लगीन एका मिनिटात दावता येतं. नसली की दिवस जातो. पर लगीन तेच." गणपतीनं आपल्या रिकाम्या तळहातांकडं बघितलं. "त्या दिवशी वही हरली, साहेब. मी तिला सायकलीवर घालून घरी आणली. वाटंत कुणाशी बोललो न्हाय."

सावर्डेकरांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो त्यांनी पहिल्यांदाच जरा हळू विचारला. "ही गोष्ट दहा वर्षांत मी एकदाही ऐकली नाही. ही तुम्ही आत्ता रचली नाही कशावरून?"

"रचायची आसती," गणपती म्हणाला, "तर वही जिंकल्याली रचली आसती की."

न्यायाधीशांनी विमलाताईंकडं बघितलं. "हे लिहा," ते म्हणाले. "आणि जसं म्हणाले तसंच लिहा. काही बदलू नका."

विमलाताईंनी "जिंकल्याली" टाइप केलं, एकदा थांबून पाहिलं, आणि पुढं गेल्या. सावर्डेकर खाली बसले आणि म्हणाले, उलटतपास संपला.

बाहेर व्हरांड्यात सुजीवा गणपतीच्या पाया पडायला आली, पण तिला मध्येच थांबावं लागलं, कारण आक्काताई आधी पोचली होती. तिथं काय बोलणं झालं ते सीपीआरच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. त्याचा सारांश असा की दुसऱ्या दिवशीच ती नवऱ्याला लग्नं नोंदवणाऱ्या कार्यालयात घेऊन गेली. भिंतीवर विहारातला त्यांचा लग्नाचा फोटो होता, तोही काचेसकट उचलून नेला. तिथं गणपतीनं कारकुनाला शाईचं पॅड कुठं ठेवावं, साक्षीदारानं कुठं उभं राहावं, ह्यावर दोन-तीन सूचना केल्या. तिसऱ्या सूचनेला कारकून म्हणाला, पावणं, तुमचं लगीन हाय, गप उभं ऱ्हावा. गणपती गप उभा राहिला. आक्काताईनं सही केली ती अशी दाबून, की खालच्या तीन पानांवर उमटली.

निकाल सव्वीस एप्रिलला लागला. मुदतीला चार दिवस होते. गणपतीला त्या दिवशी कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो मागच्या बाकावर जाऊन बसला. न्यायाधीश वाचत होते आणि प्रसेनजीत सुजीवाला कानात सांगत होता, पण तिला सांगायची गरज नव्हती. तिला निकालाचं मराठी प्रसेनजीतपेक्षा आधी कळत होतं. लग्न श्रीलंकेत लागलं, त्याची रीत तिथल्या कायद्यानं तपासली. कोलंबोचं छापील पुस्तक पाहिलं. नोंद नसल्यास लग्न रद्द, असं त्यात कुठं सापडलं नाही. तिथली न्यायालयं प्रत्यक्षात काय करतात, ह्याबाबत साक्षीदार क्रमांक तीन गणपती कुरणे ह्यांची साक्ष आहे. ते कायद्याचे पदवीधर नाहीत. परंतु बावीस वर्षांच्या सेवेमुळं त्या विषयाची त्यांना विशेष जाण आहे, असं हे न्यायालय मानतं. आणि जो साक्षीदार स्वतःच्या बढाईविरुद्ध बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ह्या न्यायालयापुढं शाबीत झालेल्या लंकेच्या कायद्यानुसार वादी क्रमांक एक व दोन हे पती-पत्नी आहेत.

सुजीवानं निशाला उचलून घेतलं. निशा झोपली होती. तिला काय झालं ते कळलं नाही आणि ती रडायला लागली. सुजीवा मात्र हसत होती, डोळ्यांत पाणी घेऊन, आणि सासूच्या थाटात सगळ्यांना म्हणत होती, "चला, घरला चला. सगळ्यांनी जेवूनच जायाचं."

गणपती त्यांच्याबरोबर निघाला नाही. येतो म्हणाला, पुढं व्हा. तो जिना उतरून नकला मिळतात त्या खिडकीशी गेला आणि निकालाची नक्कल मागितली. सगळी नको, फक्त विशेष जाण असलेलं पान. खिडकीतला कारकून म्हणाला, एक पान सुटं मिळत नाही, सगळी घ्यावी लागेल. आणि तुम्ही पक्षकार नाही, तेव्हा अर्जात कारण लिहा. त्यानं छापील अर्ज पुढं सरकवला.

गणपतीनं नाव लिहिलं. दाव्याचा नंबर लिहिला. मग त्या एका रिकाम्या ओळीशी तो अडला. मागं लाईन वाढत होती. कुणीतरी म्हणालं, आवरा की ओ. त्यानं पेनाचं टोक जिभेला लावलं, आणि आपल्या सातवी पास अक्षरात सावकाश लिहिलं: घरी दाखवायला.

कारकुनानं वाचलं. वर बघितलं. असं कारण त्याच्या खिडकीवर आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि ते चालत नाही असंही कुठं लिहिलेलं नव्हतं.

"शुक्रवारी या," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.